वीत आणि वर तीन बोटं : मादागास्करच्या एका पतंगाची १५९ वर्षांची फाइल

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या एका वाळक्या पतंगाची सोंड पूर्ण सरळ करून मोजली, तेव्हा ती २८.५ सेंटीमीटर भरली. आपल्या मापात सांगायचं तर वीत आणि वर तीन बोटं. पतंग तसा मोठाच, पण पंख पसरूनही त्याची रुंदी या सोंडेच्या निम्म्याच्या आसपास. जिवंतपणी ती घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळून तोंडाखाली ठेवलेली असते. झाडाच्या खोडावर बसलेला हा करड्या-तपकिरी पतंग बघून कुणाला कसलाही संशय येऊ नये.

सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस बातमी आली, की मादागास्कर बेटावरचा हा पतंग आता स्वतंत्र जाती मानायचा. नाव झँथोपॅन प्रेडिक्टा. 'अँतेनॉर' या फ्रेंच नियतकालिकात जोएल मिने, पात्रिक बास्कें, जाँ हाक्सेर, डेव्हिड लीस आणि रोदॉल्फ रुझरी या पाच जणांचा लेख आला होता. बातमी वाचून कुणालाही वाटावं, की जंगलात कुणीतरी दिवा लावला, पडद्यावर अनोळखी पतंग येऊन बसला आणि नवी जाती सापडली. प्रत्यक्षात पतंग १९०३ पासून माहीत होता. 'प्रेडिक्टा' हे नावही तेव्हाचंच. आणि तो असणार हे भाकीत तर १८६२ चं. मग २०२१ मध्ये नवं काय झालं?

इथे शब्दांचा एक घोळ आधीच निस्तरलेला बरा. वर्तमानपत्रं 'स्पीशीज'साठी सरसकट 'प्रजाती' लिहितात. जुन्या मराठी परिभाषेत मात्र स्पीशीज म्हणजे जाती. मी जाती आणि उपजाती हेच शब्द धरून चालणार आहे, कारण हे सगळं प्रकरण त्या 'उप' या दोन अक्षरांवर उभं आहे.

बेटमननं पाठवलेली पेटी

जानेवारी १८६२. चार्ल्स डार्विन तेव्हा ऑर्किडच्या फुलांवर पुस्तक लिहीत होता आणि ओळखीपाळखीच्या बागवाल्यांकडून फुलं मागवत होता. जेम्स बेटमन या ऑर्किडवेड्या गृहस्थानं त्याला एक पेटी भरून फुलं पाठवली. त्यात मादागास्करचं अँग्रेकम सेस्क्विपेडाले होतं. 'सेस्क्विपेडाले' म्हणजे लॅटिनमध्ये दीड फुटी. अकरा इंचांना दीड फूट म्हणणं हा नाव देणाऱ्या द्यु पेती-थुआर या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाचा उत्साह म्हणायचा, पण फूल पाहिल्यावर तो समजून घेता येतो. पांढरंशुभ्र, मेणासारखं, चांदणीच्या आकाराचं फूल. आणि त्याच्या मागून खाली लोंबणारी हिरवट, चाबकासारखी एक नळी. वास रात्री सुटतो.

डार्विननं लगेच लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या जोसेफ हूकरला पत्र लिहिलं. त्यातला उद्गार आता फार प्रसिद्ध आहे. मराठीत साधारण असा: अरे देवा, हे कुठला कीटक चोखणार!

पुढे त्यानं जे केलं ते मला त्या उद्गारापेक्षा जास्त आवडतं. नळ्या मोजल्या. साडेअकरा इंच भरल्या. मग मध कुठपर्यंत आहे ते पाहिलं. फक्त तळाचा दीड इंच. साडेअकरातून दीड गेला, उरले दहा. म्हणजे मधाच्या पृष्ठभागाला नुसती जीभ लावायची तरी दहा इंच आत जायला हवं, आणि तळापर्यंत चाटूनपुसून घ्यायचं तर त्याहून जास्त. त्यानं पुस्तकात लिहिलं, की दहा ते अकरा इंच लांब होणारी सोंड असलेले पतंग मादागास्करमध्ये असलेच पाहिजेत. या भाकिताची गोष्ट सांगताना त्याला ऋषीची दिव्यदृष्टी बहाल करतात. वजाबाकी होती ती. तिसरीतल्या मुलाला येईल अशी.

वजाबाकीच्या पलीकडचं काम त्यानं परागकणांवर केलं. ऑर्किडमध्ये पराग सुटे नसतात. त्यांच्या चिकट गाठोड्या असतात आणि त्या कीटकाला चिकटून दुसऱ्या फुलात जायला लागतात. डार्विननं आधी सुया आणि केस घालून पाहिले. गाठोड्या हलल्या नाहीत. मग त्यानं एक दशांश इंच जाडीची गोल काडी घेतली, फुलाच्या चिरेतून आत ढकलली आणि बाहेर ओढली. गाठोडी काडीला चिकटून आली. त्यावरून त्यानं ठरवलं, की सोंड फक्त लांब असून भागणार नाही. बुडाशी ती जाड हवी, आणि पतंगानं शेवटच्या थेंबासाठी डोकं फुलात खुपसायला हवं. मध सहज मिळाला तर पतंग डोकं खुपसणार नाही आणि परागही चिकटणार नाहीत. म्हणून ज्या फुलाची नळी लांब त्याचं बीज धरणार, आणि ज्या पतंगाची सोंड लांब त्याचं पोट भरणार. दोघं एकमेकांना ओढत नेणार.

पुस्तक मे १८६२ मध्ये आलं. भाकिताची काही कीटकतज्ज्ञांनी थट्टा केली, हे डार्विननंच १८७७ च्या दुसऱ्या आवृत्तीत नोंदवलं आहे. तोवर त्याच्या हाताशी एक आधार आला होता. ब्राझीलमधून फ्रिट्झ म्यूलरनं तिथल्या एका पतंगाची वाळलेली सोंडच दहा ते अकरा इंच असल्याचं कळवलं होतं. मादागास्करचा पतंग मात्र सापडला नव्हता. १८८२ मध्ये डार्विन गेला.

वॉलेसची फूटपट्टी

या प्रकरणात सगळं श्रेय डार्विनला जातं आणि त्याच्याच काळात उत्क्रांतीची तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस कोपऱ्यात उभा राहतो. माझ्या मते हा अन्याय आहे, आणि त्याचं कारण सांगायला थोडं थांबावं लागेल.

१८६७ मध्ये आर्गाइलच्या ड्यूकनं एक पुस्तक लिहून असा मुद्दा मांडला, की ऑर्किडसारख्या रचना थेट निर्मात्याचा हात दाखवतात. वॉलेसनं त्याच वर्षी लेख लिहून उत्तर दिलं. डार्विननं नुसतं 'पतंग' म्हटलं होतं. वॉलेसनं कुळ सांगितलं. हॉक मॉथ. आपल्याकडे तगरीवर किंवा कण्हेरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी दिसते, शेपटीवर काटा असलेली, ती याच कुळातली. मोठी झाली की फुलापुढे हवेत एका जागी तरंगत, न बसता मध पिणारा पतंग होते.

मग वॉलेस ब्रिटिश म्युझियममध्ये गेला आणि त्यानं खोक्यांतल्या पतंगांच्या सोंडा मोजल्या. दक्षिण अमेरिकेतल्या एका जातीची सव्वानऊ इंच निघाली. उष्ण आफ्रिकेतल्या एका जातीची, मॅक्रोसिला मॉर्गनाय हिची, साडेसात इंच. वॉलेसनं लिहिलं, की याहून दोन-तीन इंच लांब सोंड असली की काम भागेल. आणि मादागास्करला जाणाऱ्या निसर्गअभ्यासकांनी हा पतंग तितक्याच खात्रीनं शोधावा, जितक्या खात्रीनं खगोलशास्त्रज्ञांनी आधी गणितानं भाकीत केलेला नेपच्यून शोधला. नेपच्यून सापडून तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. वाचणाऱ्यांना दाखला ताजा होता. लेखासोबत एक चित्रही होतं. न पाहिलेला पतंग त्या फुलातून मध पितो आहे असं.

आता त्या दोन आकड्यांकडे नीट पाहा. वॉलेसनं हातात धरलेला मॅक्रोसिला मॉर्गनाय म्हणजेच आजचा झँथोपॅन मॉर्गनाय, मादागास्करच्या पतंगाचा मुख्य भूमीवरचा सख्खा भाऊ. त्याची सोंड साडेसात इंच. २०२१ च्या अभ्यासात बेटावरच्या पतंगांची सोंड मुख्य भूमीवरच्यांपेक्षा सरासरी ६.६ सेंटीमीटरनं लांब निघाली. ६.६ सेंटीमीटर म्हणजे २.६ इंच. वॉलेस 'दोन-तीन इंच' म्हणाला होता. एका नमुन्याच्या मापाशी सरासरीची तुलना करणं काटेकोर नाही हे मला कळतं, पण दीडशे वर्षांनी आकडा असा येऊन बसावा याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. शोधायच्या पतंगाचा भाऊ त्याच्या हातात होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं.

१९०३ : 'उप' कुठून आला

वॉल्टर रॉथ्सचाइल्ड बँकवाल्या घराण्यातला. बँकेत मन रमलं नाही. ट्रिंग गावी त्यानं खासगी संग्रहालय उभं केलं. कार्ल जॉर्डन हा जर्मन कीटकतज्ज्ञ त्याच्याकडे कामाला होता. १९०३ मध्ये दोघांनी जगातल्या सगळ्या हॉक मॉथचा एक जंगी आढावा छापला. त्यात मादागास्करच्या पतंगाचं वर्णन आलं आणि त्याला नाव मिळालं झँथोपॅन मॉर्गनी प्रेडिक्टा. 'प्रेडिक्टा' म्हणजे भाकीत केलेली. वर्णनात त्यांनी हवाला दिला होता तो वॉलेसच्या भाकिताचा. आज जो तो त्याला 'डार्विनचा पतंग' म्हणतो. वॉलेस तेव्हा ऐंशी वर्षांचा होता, हयात होता.

तीन शब्दी नाव म्हणजे उपजाती. हे त्यांनी का केलं? चूक म्हणून सोडून देता येत नाही. रॉथ्सचाइल्ड आणि जॉर्डन, विशेषतः जॉर्डन, भौगोलिक उपजातींचे खंदे पुरस्कर्ते होते. त्याआधी जो तो दोन ठिपके वेगळे दिसले की नवी जाती जाहीर करत होता. त्या सुकाळाला वैतागून त्यांनी शिस्त लावली. प्राणी मुळात एकच, पण बेटावर किंवा डोंगरापलीकडे थोडा वेगळा दिसतो, तर त्याला उपजाती म्हणा. मादागास्करच्या पतंगाच्या पोटाकडच्या बाजूला गुलाबी झाक होती, मुख्य भूमीवरच्याला नव्हती. बाकी अंगलट तीच. त्यांच्या शिस्तीत हा फरक उपजातीपुरता होता. हाताशी मोजके नमुने असताना मीही तेच केलं असतं.

पण एकदा कुणा मोठ्या माणसानं मोठ्या ग्रंथात 'उप' लिहिला, की तो खोडायला कुणी बसत नाही. पतंग सगळ्यांना ठाऊक होता. जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तो उदाहरण म्हणून येऊन बसला. संग्रहालयांत नमुने वाढत गेले. लेबलावर तीन शब्द छापून येत राहिले.

मधल्या काळातलं एकच सांगतो. या पतंगाला त्या फुलातून मध पिताना आणि पराग वाहून नेताना पाहिलं गेलं ते १९९० च्या दशकात. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ लुट्झ वासरथाल यांनी जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात फूल आणि पतंग एकत्र आणून. भाकिताला तेव्हा एकशे तीस वर्षं झाली होती. वर्णन, नाव, कीर्ती सगळं झाल्यावर शेवटी साक्षीदार आला.

२०२१ : टेबलावर काय मांडलं होतं

नव्या जातीचं वर्णन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर रान येतं. पांढरी चादर, दिवा, रात्रभर जागरण. ते खरंच असतं, मीही केलं आहे, आणि कानात किडे गेलेत. पण काम होतं टेबलावर, नमुना मेल्यावर, आणि बहुतेक वेळ जातो तो दुसऱ्या नमुन्यांकडे बघण्यात. नवीन म्हणजे जुन्यापेक्षा वेगळा. मग आधी सगळं जुनं पाहून घ्यायला नको?

वाळलेल्या हॉक मॉथची सोंड मोजणं हे ऐकायला सोपं वाटतं. सोंड म्हणजे दोन अर्ध्या पन्हळी एकमेकींना जोडून झालेली नळी, केसासारखी बारीक. मेल्यावर ती गुंडाळलेल्या अवस्थेतच कडक होते. ओढली की तुटते. तिला दमट हवेत ठेवून मऊ करावं लागतं, मग सुईनं वेटोळं एकेक उलगडायचं, पिनांमध्ये सरळ धरायची आणि मगच पट्टी लावायची. म्हणून खोक्यांत ओळीनं पतंग असले तरी सोंडेची मापं फार कमी असतात. २८.५ सेंटीमीटरचा विक्रमी नमुनाही संग्रहालयातला. पतंग उपलब्ध होता. उलगडणारा माणूस यायचा होता.

डार्विनच्या वजाबाकीकडे पुन्हा जाऊ. २८.५ सेंटीमीटर म्हणजे ११.२ इंच. त्याच्या फुलांच्या नळ्या साडेअकरा इंच. तळाला पाव-अर्धा इंच मध शिल्लक राहील, बाकी सगळा फस्त.

सोंड, रंग, पंखांची ठेवण हे झालं डोळ्यांना दिसणारं. पतंगांच्या बाबतीत सहसा आणखी एक पायरी असते, जी सांगताना मंडळी जरा चाचरतात. पोटाचं टोक तोडून पोटॅशच्या द्रावणात गरम करायचं, मांस विरघळलं की मऊ कुंचल्यानं साफ करायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांचे कडक भाग पाहायचे. नर-मादीचे हे भाग एकमेकांत बसावे लागतात, म्हणून जवळच्या जातींत पंख सारखे दिसले तरी इथे फरक सापडतो. पतंगवाल्यांच्या गप्पांत 'पोट उघडलं का?' असा प्रश्न सर्रास येतो. बाहेरचा माणूस दचकतो.

आणि तिसरी गोष्ट डीएनए. त्यातला एक ठरावीक तुकडा, ६५८ अक्षरांचा, प्राण्यांच्या ओळखीसाठी जगभर वाचला जातो. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये ही पद्धत पुढे आणली. दुकानातल्या मालासारखं तिला बारकोड म्हणतात. एकाच जातीच्या पतंगांत या तुकड्यात सहसा टक्का-दोन टक्क्यांच्या आतच फरक असतो. बेटावरच्या आणि मुख्य भूमीवरच्या झँथोपॅनमध्ये तो ७.८ टक्क्यांपर्यंत निघाला. ६५८ पैकी पन्नासएक अक्षरं वेगळी. हा फरक दोन उपजातींचा वाटत नाही; कधीच वाटा फुटलेल्या दोन घरांचा वाटतो. मधे मोझांबिकची खाडी आहे, अरुंदातली अरुंद जागाही चारशे किलोमीटरच्या आसपास.

बारकोडचा आकडा एकटा पुरत नाही, हे इथे म्हणून ठेवतो. काही खऱ्या जातींत तो एक टक्काही नसतो, आणि काही वेळा एकाच जातीत मोठा निघतो. आकडा बघून नावं वाटत सुटणारेही आहेत. या प्रकरणात मला पटतं ते हे, की सोंड, रंग आणि डीएनए तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवतात. १९०३ मध्ये यातलं डीएनए हातात नव्हता.

नावाच्या मागचा कंस

आता नियमांचं. रुक्ष आहे, पण 'नवीन काय' याचं उत्तर इथेच आहे.

प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता जाती आणि उपजाती यांच्या नावांना एकाच पंगतीत बसवते. उपजातीसाठी दिलेलं नाव त्याच दिवसापासून जातीसाठीही राखीव होतं. त्यामुळे २०२१ मध्ये त्या पाच जणांना नवं नाव देताच येत नव्हतं. 'प्रेडिक्टा' हेच नाव, आणि त्यामागे जनक म्हणून 'रॉथ्सचाइल्ड व जॉर्डन, १९०३' हेच लागतं. ज्यांनी जाती सिद्ध केली त्यांचं नाव जातीच्या मागे येत नाही. ही जाती तांत्रिकदृष्ट्या १९०३ ची आहे आणि तिला जाती मानणं २०२१ चं.

आणखी एक बारकावा. मुख्य भूमीवरचा पतंग लिहिताना 'झँथोपॅन मॉर्गनाय (वॉकर, १८५६)' असा त्याला पहिलं नाव देणारा वॉकर कंसात जातो. बेटावरचा लिहिताना 'झँथोपॅन प्रेडिक्टा रॉथ्सचाइल्ड व जॉर्डन, १९०३' असा बिनकंसाचा. कारण वॉकरनं त्याचा पतंग मॅक्रोसिला या वंशात टाकला होता, तिथून तो पुढे हलवला गेला. रॉथ्सचाइल्ड-जॉर्डननी त्यांचा पतंग पहिल्यापासूनच झँथोपॅनमध्ये ठेवला. एका कंसात एवढा इतिहास. शिवाय वॉकरनं शेवटी दोन 'आय' लिहिले होते, रॉथ्सचाइल्ड-जॉर्डननी एक. म्हणून जुन्या पुस्तकांत मॉर्गनी आणि नव्यांत मॉर्गनाय दिसतं. दोन वेगळे पतंग समजून शोधाशोध करू नये. मी केली आहे.

खरोखर नवी जाती असती तर त्यांना काय करावं लागलं असतं? एक नमुना 'मूळ नमुना' म्हणून निवडायचा, तो कुठल्या संग्रहालयात ठेवला ते छापायचं, आणि इतर भाऊबंदांपासून वेगळा कसा ओळखायचा ते शब्दांत लिहायचं. पुढे कधीही वाद झाला तर नाव त्या एका सुईवरच्या पतंगाला बांधलेलं राहतं. या प्रकरणातलं ते काम शंभर वर्षांपूर्वीच उरकलं होतं.

हे सगळं आपल्याला लांबचं वाटेल, पण आपल्या घाटातल्या पतंगांचं घोडं इथेच अडतं. सह्याद्रीत दिव्यावर आलेल्या पतंगाचं नाव लावताना आजही जॉर्ज हॅम्पसननं इथल्या पतंगांवर १८९२ ते १८९६ दरम्यान छापलेले चार खंड उघडावे लागतात, आणि त्यांतल्या कितीतरी जातींचे मूळ नमुने लंडनला आहेत. त्या काळी सिलोन, निलगिरी, आसाम आणि जावा यांचे पतंग एका नावाखाली घातले गेले किंवा उपजाती म्हणून बाजूला ठेवले गेले, तेही रंगाकडे बघून. त्यांतले किती 'उप' खरे आणि किती नुसते लेबलावर राहून गेलेले, हे पोट उघडल्याशिवाय आणि बारकोड वाचल्याशिवाय कळणार नाही. संवर्धनाच्या याद्या जातींच्या नावानं निघतात. उपजातीला तिथे बहुधा खुर्ची मिळत नाही.

आधी सोंड की आधी नळी

पाच जणांचा लेख आला म्हणून सगळं मिटलं असं नाही. सोंड एवढी लांब का झाली, यावर मतभेद आहेत.

डार्विन आणि वॉलेसची ओढाओढी वर आलीच. १९८८ मध्ये स्वीडनच्या अँडर्स निल्सन यांनी तिथल्या प्लॅटँथेरा ऑर्किडच्या मधाच्या नळ्या मुद्दाम आखूड करून पाहिल्या, आणि आखूड नळीच्या फुलांतून पराग कमी गेले. म्हणजे फुलाच्या बाजूनं डार्विनचं म्हणणं बरोबर. नळी लांब असण्यात फुलाचा फायदा आहे. वासरथाल यांचं म्हणणं वेगळं. फुलांवर कोळी दबा धरून बसतात. पतंग जितका लांबून, डुलत-डुलत मध पिईल तितका जगण्याची शक्यता जास्त. म्हणून सोंडा आधी लांबल्या, कोळ्यांच्या भीतीनं, आणि ऑर्किडनं नंतर त्या तयार सोंडांना आपली नळी जुळवून घेतली.

मला वासरथालांचं चित्र मोहवतं, त्याला कारण बुचाचं झाड. पुण्यात संध्याकाळी बुचाखाली उभं राहिलं, की पांढऱ्या फुलांचे झुबके मान वर करून असतात. पोरी त्यांच्याच देठांच्या, दोऱ्याशिवाय, वेण्या गुंफतात, इतकी त्या फुलाची नळी लांब. दिवेलागणीला हॉक मॉथ येतो. तो फुलाला टेकतच नाही. अंगापेक्षा लांब सोंड पुढे सोडून हवेत डुलतो, आत घालतो, मागे होतो, दुसऱ्या फुलावर जातो. डुलण्याचं कारण मला कुणी सांगितलं नव्हतं तेव्हा मी ते वाऱ्यामुळे समजत होतो. वारा नसला तरी तो डुलतो. पावसाळ्यात सड्यांवर फुलणाऱ्या पांढऱ्या हाबेनारिया ऑर्किडच्या फुलामागेही अशीच लोंबती शेपटी असते. अँग्रेकमसमोर ती अगदीच आखूड, पण फूल पांढरं, मध तळाशी, हिशेब तोच.

आणि मादागास्करचा पतंग अळी असताना काय खात असेल? झँथोपॅनच्या अळ्यांची खाद्यझाडं म्हणून नोंदी आहेत त्या सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या. फुलाशी जन्मजन्मांतरीचं नातं सांगणारा हा पतंग लहानपण काढतो ते भलत्याच झाडावर. ऑर्किड वाचवून एकटा पतंग वाचत नाही, पतंग वाचवून ऑर्किड.

मादागास्करचं आणखी एक ऑर्किड आहे, अँग्रेकम एबर्नियमचा लाँगिकॅल्कार हा प्रकार. त्याची नळी ४० सेंटीमीटरची. १९९१ मध्ये अमेरिकन कीटकतज्ज्ञ जीन क्रिट्स्की यांनी डार्विनचीच रीत वापरून लिहिलं, की सुमारे ३८ सेंटीमीटर सोंडेचा पतंग तिथे असायला हवा. वीत, आणि वर जवळजवळ तीन चतुर्थांश वीत. तो अजून कुणाला मिळालेला नाही. रानात शोधणारे शोधतीलच. मी मात्र आधी खोक्यांतले मोठे मादागास्करी हॉक मॉथ एकेक करून ओले करायला घेतले असते.